दाजींच्या विमानाचा काटा

हायवेवर तापलेली गाडी गॅरेजात आली की आमचं पहिलं काम ठरलेलं. थर्मोस्टॅट काढायचा. बोटभर उंचीचा व्हॉल्व्ह असतो तो. इंजिन गार असताना रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरतो, पाणी तापलं की आपोआप उघडतो. थंड मुलखातल्या लोकांनी केलेली सोय. नळदुर्गात एप्रिल महिन्यात इंजिन तापायची वाट कोण बघतंय? काढायचा आन् टाकून द्यायचा. माझ्या उस्तादानं हेच केलं, तीस वर्षं मीही हेच केलं, आणि गाड्या हैदराबादला पोचल्या. काही पोचल्या नसतील तर त्या सांगायला परत आल्या नाहीत.

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे मालक, एअर फोर्समध्ये विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करायचे. रिटायर होऊन माकणीला शेती बघायला लागले आणि दोन वर्षांत कंटाळले. मग सोयाबीनच्या शेडमध्ये त्यांनी विमान बांधायला घेतलं. लाकडाचा सांगाडा, वर फायबर, शेजारी शेजारी दोन सीट. सहा वर्षं चाललं ते. गावानं सुरुवातीला चेष्टा केली, नंतर गावाचाही दम संपला. अक्का म्हणायची, "कुणाचा नवरा पितोय, कुणाचा पत्ते कुटतोय. माझा निदान घराच्या मागं तरी दिसतोय."

इंजिन त्यांनी एका जपानी गाडीच्या भंगारातून आणलं होतं, रोटरी. त्यात खालीवर होणारा पिस्टन नसतो. तीन कोपऱ्यांचा एक गोळा असतो आणि तो डब्यात गरागरा फिरतो. आकारानं लहान, ताकद लई, आणि तापट तर विचारू नका. एकदा पाणी उकळलं की आतली रबरी सीलं शिजतात आणि इंजिन बाद. दाजींनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मेव्हणं, पंख माझे, इंजिन आन् वायरिंग तुझं."

मी फुगलो. का फुगू नये? पंचक्रोशीत विमानाचं वायरिंग केलेला माणूस दाखवा.

वायरिंग मी ट्रकसारखंच केलं. दिव्याला, पंपाला, मोटरला एकच वायर न्यायची, परतीचा करंट गाडीच्या लोखंडी बॉडीतून बॅटरीकडं येतो. अर्धी वायर वाचते. पहिल्याच दिवशी स्टार्टर मारला तर इंजिन कण्हलं आणि सीटपाशी जळका वास आला. बघतो तर ॲक्सिलेटरची केबल लालबुंद, वरचं प्लॅस्टिक वितळून खाली ठिबकतंय. परत जायला दुसरा रस्ताच नव्हता, म्हणून स्टार्टरचा सगळा करंट त्या बारक्या केबलमधून पळत होता.

दाजी शांतपणे म्हणाले, "ह्याला बॉडी कुठंय रे? लाकूड हाय ते."

आता ही गोष्ट शेंबड्या पोरालासुद्धा कळली असती. मला नाही कळली. वर दाजी आठवडाभर चिडवत राहिले. बोअरच्या मोटरीला कसा खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करतोस, तसा आता आभाळात कुठं खणायचा ते सांग, म्हणाले. मी निमूट जाड तांब्याची पट्टी आणली, इंजिनपासून बॅटरीपर्यंत टाकली.

तरी एक खोड राहिली. रेडिएटरचा पंखा लावला की टेंपरेचरचा काटा टुणकन वर उडायचा. पंखा बंद केला की खाली. पाणी काय बटण दाबून तापतं होय? मीटरची आणि पंख्याची अर्थ वायर, म्हणजे परतीची, एकाच सैल नटाखाली होती. ती सोडवली, सगळ्या अर्थ वायरी एका पितळी बोल्टवर आणून कसल्या. काटा जागेवर बसला. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. अक्काला हाक मारून सांगितलं, "तुझा भाऊ वस्ताद हाय, काटा खोटं बोलत व्हता ते पकडलं त्यानं."

आणि मी काय केलं होतं? पहिल्याच दिवशी, इंजिन बसवताना, सवयीनं थर्मोस्टॅट काढून टाकला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही केलंय असं मलाही वाटलं नव्हतं.

आता इंजिन चार-पाच मिनिटं चाललं की काटा हळूहळू चढायचा आणि लालच्या कडेला जायचा. दाजी लगेच बंद करायचे. हा काटा उडत नव्हता, चढत होता. ह्या दोन्हींत फरक असतो आणि तो मला कळायला पाहिजे होता. पण माझ्या डोक्यात अर्थिंग घुसलेलं. मी पुन्हा वायरी सोडल्या, घासल्या, कसल्या. दाजींनी रेडिएटरला हवा येणारं तोंड कापून मोठं केलं. काही फरक नाही. विमानाची आणि दाजींच्या लायसनची कागदपत्रं होऊन आली होती, माळावर विमान पळवायची पट्टी साफ करून ठेवली होती. शेवटी दाजी माझ्यापुढं उभे राहिले.

"एकच सांग. काटा खरा का खोटा?"

"खोटा," मी म्हणालो.

"नक्की?"

"दाजी, तीस वर्षं हेच करतोय मी."

"मग उद्या सकाळी उचलतो," ते म्हणाले.

अक्का दारात उभी होती. म्हणाली, "मग मीबी बसणार." दाजींनी नको म्हणून पाहिलं, पहिल्या वेळेला कुणी बसवत नसतं म्हणाले. तिचं आपलं एकच. सहा वर्षं शेडमधला भुसा झाडला, पहिल्यांदा वर जाताना खाली उभी राहून बघणार न्हाय.

सकाळी माळावर आम्ही तिघंच. रेडिएटर सीटच्या मागं, पोटात बसवलेला होता. इंजिनचं पाणी जाड पाइपांतून तिथवर यायचं. अक्का चढताना दाजींनी तिला बजावलं, "मागं टेकू नको, पदर सांभाळ, भाजशील." इंजिन सुरू झालं. मी पंखाच्या टोकापाशी उभा. पाच मिनिटांनी दाजींनी काट्याकडं बोट केलं. काटा लालला लागला असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी अंगठा वर केला.

विमान सरकायला लागलं तोवर अक्काचा आवाज आला. इंजिनच्या गोंगाटातसुद्धा तिचा आवाज येतो.

"आवो, थांबा! तुमी म्हणत व्हता भाजशील. हे तर कोमटबी न्हाय!"

पदर सारायला तिनं हात मागं नेला होता आणि तो रेडिएटरला लागला होता. दाजींनी इंजिन बंद केलं. उतरले, मागं हात घालून बघितलं. मीही घातला. काटा लालवर आणि रेडिएटर सकाळच्या आंघोळीच्या पाण्याइतकाही गरम नाही. इंजिनकडच्या पाइपाला हात लावला तर चटका बसला.

काटा खरा होता. पाणी उकळायच्या बेतात होतं, पण रेडिएटरकडं जातच नव्हतं. इंजिनला एक आडवाट असते, गार असताना पाणी तिथल्या तिथं फिरवायला. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा त्याचंच बूड जाऊन त्या आडवाटेवर बसतं आणि ती बंद करतं. ह्या इंजिनाची आडवाट चांगली रुंद होती. व्हॉल्व्ह मी काढला, म्हणजे बूचच काढलं. पाणी जवळच्या रस्त्यानं गोल गोल फिरत होतं. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या, एका दमात कळलं.

दाजी म्हणाले, "पाइपात हवा अडकली असंल का रे?"

"असंल," मी म्हणालो.

खरंच म्हणालो. तोंडातून निघून गेलं. दाजी पान्हा घेऊन हवा काढायला लागले. अक्का आत बसूनच होती, सीटचा पट्टा सैल करून पुन्हा आवळत होती. मी मनात हिशेब मांडत होतो. आज हवा काढून काही होणार नाही, मग उद्यावर ढकलू, दुपारी गुपचूप नवा व्हॉल्व्ह बसवू, कुणाला कळणार नाही. पण दाजी म्हणाले, "झालं. आता मारतो स्टार्टर. काटा चढला तरी बघू, तू म्हणतोस तसा खोटाच हाय," आणि चढायला त्यांनी पाय उचलला.

"दाजी, थांबा. काटा खरा हाय. थर्मोस्टॅट म्या काढलाय."

"कधी?"

"पहिल्या दिवशी."

"का?"

"आमी काढतोच."

दाजींनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पान्हा पुसला आणि डब्यात ठेवला. अक्काच बोलली, आतूनच, पट्टा सोडवता सोडवता.

"आन् मघाशी अंगठा कशाला दाखवलास रं?"

मी पंखावरची धूळ पुसायला लागलो.

"मला काटा काय कळतोय? मी तुझ्याकडं बघून बसले व्हते."

ती उतरली. उतरायला मी हात पुढं केला, तिनं पंखाला धरलं.

सोलापुराहून व्हॉल्व्ह आणला, बसवला. तीन दिवस दाजींनी इंजिन अर्धा-अर्धा तास चालवलं. काटा मधोमध चढून थांबला आणि तिथंच राहिला. काम चोख झालं होतं, हे मीच सांगतो. चौथ्या दिवशी पुन्हा माळावर गेलो. दाजींनी स्वतः रेडिएटरला हात लावून बघितला, पाइप चाचपले, बोल्टावरच्या वायरी एकेक ओढून बघितल्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला एक शब्द विचारला नाही.

अक्का चढायच्या आधी थांबली. "बसू का?" असं दाजींना विचारलं. ते व्हय म्हणाले तशी ती बसली. मी खाली उभा राहून बघत होतो. त्यांनी माळाच्या टोकाला जाऊन विमान उचललं, माकणीच्या धरणाच्या बाजूनं एक वळसा घेतला आणि नीट उतरवलं. आनंद झाला का? झाला. पण वर जाताना दोघांपैकी एकानंही माझ्याकडं बघितलं नव्हतं, आणि ते मला लई लागलं.