तेरा अंडी आणि कोजागिरीचं उधाण

माझी सासू चंद्रावती शाळेची पायरी कधी चढली नाही आणि मी सातवी पास. लग्नानंतर वर्षभर मला याचा भारी तोरा होता.

माझं माहेर निडी, रोह्याजवळचं, डोंगराकडचं. सासर पेणच्या खाडीकाठी. इथली माणसं खारजमिनीत भात लावतात आणि पाऊस सरला की मिठागरावर जातात. त्र्याहत्तर साली भाद्रपदात निडीला कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. आईच्या कोंबड्या आठवड्यात गेल्या. उरली एक तांबडी आणि तेरा अंडी. आईनं ती माझ्या ओटीत घातली, तेव्हा तिचे डोळे भरले होते. त्या वाणाचं जगात दुसरं काही उरलं नव्हतं.

तांबडी खुडूक झाली होती, अंड्यांवर बसायला उतावीळ. दिवस होता पितृपक्षातल्या नवमीचा. सासूबाई म्हणाल्या, "सहा दिस थांब गो. अमावस्येला बसव."

"अमावस्येला?" मी उडालेच. "तीही सर्वपित्रीला? शुभ काम कोण करतं तेव्हा?"

"उधाणात बसवली की भांगात फुटतात."

अमावस्या-पुनवेची मोठी भरती म्हणजे उधाण, आणि अष्टमीच्या आसपासची मंद भरती म्हणजे भांग, एवढं मला ठाऊक होतं. पण कोंबडीचा नि खाडीचा काय संबंध? त्या शेतावर गेल्या आणि मी पडवीत टोपलीत पेंढा घालून तांबडी बसवली. संध्याकाळी त्यांनी टोपली पाहिली, मला पाहिलं आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

एकविसाव्या दिवशी सकाळी अंड्यांना टोचे पडले. आतून चिवचिव येत होती. मी हरखून गेले. सगळा गाव भात कापायला गेला, सासूबाई मात्र घरीच राहिल्या. दुपार झाली आणि खाडी अंगणात आली. कोजागिरी होती, वर्षातल्या मोठ्या उधाणाची.

पाणी बघता बघता पडवीत नि घरातही शिरलं. मी घाबरून टोपली उचलली तशी तांबडी फडफडत बाहेर उडाली. अंडी उघडी पडली. सासूबाईंनी कोंबडी झडप घालून धरली, मिठागरावरचं घमेलं पालथं घातलं, त्यावर बसल्या आणि टोपली मांडीवर घेतली. तांबडीवर दोन्ही तळवे ठेवले. ती शांत झाली. त्या जरा हलल्या की पुन्हा उसळायची, म्हणून त्या हलल्याच नाहीत.

पाणी त्यांच्या घोट्यांवर चढलं.

"कुठवर येईल?" मी विचारलं.

"पोटरीवर येईल नि फिरंल."

तसंच झालं. पोटरीच्या मध्यावर पाणी थांबलं, थोडा वेळ नुसतं डुलत राहिलं आणि मागे सरलं. कुणी हुकूम दिल्यासारखं. दोन-अडीच तास ती बाई मूर्तीसारखी बसून होती. जी जेवतानाही धड एका जागी बसत नसे, ती. तिच्या मांडीवर, कोंबडीच्या पंखांखाली, एकेक करून अकरा पिल्लं फुटली.

मला रडू फुटलं. "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग आधी बोलला का नाहीत?"

"बोलले व्हते की. तू बसवलीस, मंग ऱ्हायलं. बसलेली कोंबडी उठवायची नाय. मी दिस मोजीत व्हते."

"मग मला बसवायचं पाण्यात. चूक माझी होती."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला चौथा म्हैना लागलाय. तुला कशी बसवू खाऱ्या पाण्यात?"

मी हे अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

"चैत्रात व्हईल तुझं," त्या म्हणाल्या. "वेळ बरी हाय. पाऊस येईस्तोवर पोर मान धरंल. आता हात दे, माझे पाय मेलेत."