गडगडतात, पण थांबत नाहीत

समजा, सूक्ष्मदर्शकाखाली केसासारखी बारीक काचेची नळी आहे. सुजलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर असतात तीच प्रथिनं तुम्ही तिला आतून लावली आहेत. आता रक्त सोडा आणि पांढऱ्या पेशींवर नजर ठेवा. आधी त्या भिंतीवरून गडगडत येतील, मग मंदावतील, मग घट्ट पकड घेऊन थांबतील. शरीरात अशी थांबलेली पेशीच भिंतीतल्या फटीतून बाहेर पडते आणि जखम गाठते.

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असलेल्या मावशीचं हे रोजचं काम. त्या दिवशी मात्र नळीत तिच्या सख्ख्या भाच्याचं रक्त होतं. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, आणि चिघळलेल्या जखमेत पू औषधालाही नाही; म्हणजे पेशी तिथवर पोचतच नव्हत्या.

पेशी सुसाट निघून गेल्या. पकडच नाही, असं म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख सर मोकळे झाले. मावशीच्या मनाला ते पटेना. पेशींना गडगडवणाऱ्या रेणूंचं खातं वेगळं, थांबवणाऱ्यांचं वेगळं. दोन्ही एकदम कशी बुडतील? तिने स्वतःचं रक्त तसंच काढून सोडलं. तेही सुसाट. तेव्हा तिने कपाळावर हात मारला. रक्त घेताना तिने साध्या रक्तमोजणीच्या सवयीने जांभळ्या टोपणाची बाटली उचलली होती. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात असलेलं रसायन कॅल्शियम बांधून टाकतं, आणि कॅल्शियमशिवाय कुठलीच पेशी भिंतीला धरत नाही.

पुन्हा रक्त हवं म्हटल्यावर ताई वैतागली.

"त्याच्या हातावर टोचायला जागा तरी उरलीय का?"

"चूक माझी आहे, ताई. पण चुकीच्या बाटलीवरून मी त्याचं निदान होऊ देणार नाही."

"लहानपणापासून चिकट ती चिकटच," म्हणत ताईने पोराची बाही वर सरकवली.

या वेळी हिरवं टोपण, कॅल्शियमला हात न लावणारं. आधी मावशीचं रक्त: पेशी गडगडल्या, थांबल्या. मग भाच्याचं. गडगडल्या! गडगडत गडगडत त्या दुसऱ्या टोकाला गेल्या. एकही थांबली नाही.

म्हणजे बिघाड फक्त शेवटच्या पकडीत होता. सर म्हणाले, जुळणाऱ्या माणसाची अस्थिमज्जा मिळाली तर नव्या पेशी येतील. तपासणीसाठी मावशीने सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. सुई शिरत असताना तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: भिंत त्याची, पेशी परक्या, तर त्यांना कुठे थांबायचं ते कळेल का?