मनगटावरचं नाव

कावीळ हा शब्द कानावर पडला की मला अजून ती सकाळ आठवते. साठ सालाच्या आगेमागे अचलपूरजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. होळीला आठ दिवस होते. हजेरी घेत असतानाच एक निनावी चिठ्ठी हाती आली. शाळेच्या फाटकाशी बोरं विकणारी म्हातारी पोरांना विष घालते, पाच पोरं पिवळी पडली आहेत, असा मजकूर. म्हातारीच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्म स्वीकारला होता, हेही आवर्जून लिहिलेलं. तिथेच मला चिठ्ठीचा संशय आला. पण बाहेर पन्नासेक माणसं जमली होती आणि म्हातारीचं घर जाळायची भाषा चालली होती.

तिला ठाण्यात आणलं ते चौकशीसाठी कमी आणि जीव वाचवायला जास्त. पाचही मुलांना पोलिसांचा फॉर्म भरून सरकारी दवाखान्यात पाठवलं. आमचे जमादार महा चेंगट. त्या फॉर्मात 'ओळखीच्या खुणा' असा रकाना असतो. बाकीचे लोक 'गालावर तीळ' खरडून मोकळे होत; हे प्रत्येक पोराला उजेडात उभं करून लिहीत बसले. मी त्यांच्यावर खेकसलो.

मग म्हातारीकडे वळून आवाज चढवला. "बोरांवर काय टाकलं, बाई?"

"मीठ," ती म्हणाली. "इषच घालाचं असतं, त माह्या नातवाले कावून घातलं असतं? तोही आठ दिसापासून पिवळा पडून राह्यला. त्याले कोनी मोजलं का?"

कोणी मोजलं नव्हतं. मीही नाही. लाज वाटली.

जमादार तिच्या नातवाला घेऊन आले, सहावा फॉर्म भरायला बसले आणि मध्येच थांबले. "साहेब, याच्याबी मनगटावर नाव गोंदलं हाये. सहाच्या सहाले हाये. सारं नवंच दिसते."

एका मुलाची आई तिथेच होती. तिला विचारलं, हे कुठे गोंदलं?

ती बावरली. "पौषातल्या जत्रेत. तुमीच त सांगतलं होतं, साहेब."

ते खरं होतं. जत्रेत हरवलेल्या मुलांची चौकी माझ्याकडे होती. रडून रडून स्वतःचं नाव सांगता न येणारी लेकरं सांभाळून वैतागलो होतो. मीच लाउडस्पीकरवरून ओरडलो होतो, पोरांच्या हातावर नाव गोंदून घ्या, म्हणजे हरवणार नाहीत. चौकीशेजारीच गोंदणारी बाई बसली होती.

दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "हे विष नाहीच. एकाच सुईने एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात गेलं, की अशी कावीळ दोन-तीन महिन्यांनी वर येते." गोंदणारी अकोल्याच्या बाजारात सापडली. तिने काही लपवलं नाही. "सुया त्याच हायेत, साहेब. माह्या मायच्या." सुया उकळायला शिकवून तिला सोडलं. गुन्हा लावायचाच, तर आधी माझ्यावर लावावा लागला असता.

ठाण्याच्या पायरीवर उभं राहून जमावाला सगळं सांगितलं. चूक माझी आहे, म्हातारीची नाही, हेही सांगितलं. फौजदाराच्या तोंडून हे ऐकायची कोणाला सवय नव्हती. लोक गुपचूप पांगले. चैत्र संपेपर्यंत सहाही मुलं खेळायला लागली आणि म्हातारी पुन्हा फाटकाशी बसली. पुढल्या जत्रेत आम्ही मुलांच्या गळ्यात नावाचे पत्र्याचे बिल्ले घातले.

निवृत्तीनंतर मी अमरावतीत राहिलो. तिथे एका डॉक्टरांकडून 'हिपॅटायटिस सी'बद्दल ऐकलं. लहानपणी शिरलेली ही कावीळ वीस-तीस वर्षं यकृतात चूप बसून राहते म्हणे. माझी झोपच उडाली. सहाही जणांचे पत्ते हुडकले, पत्रं लिहिली, रक्त तपासून घ्या म्हणून त्यांच्या मागे लागलो.

नोकरीभर मी लोकांना विचारत आलो, त्या दिवशी तू कुठे होतास? त्या केसपासून हा प्रश्न आधी स्वतःला विचारायची सवय लागली.

शेवटचा रिपोर्ट घेऊन म्हातारीचा नातू स्वतः आला. आता तो सरकारी नोकरीत आहे, कानाजवळचे केस पांढरे झालेत. कागद पुढे करत म्हणाला, "साफ हाये, साहेब. आमच्या सहाही जनाचं साफ हाये."

त्याच्या मनगटावर ते नाव अजून होतं, हिरवं, थोडं पसरलेलं. मी तो हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.