उसवलेला कोट

गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्याला स्तुतीचं भारी वावडं. ‘काय फिटिंग आहे!’ असं कुणी म्हटलं की तो फणकारायचा, ‘मग काय पोतं शिवून देऊ?’ बायको म्हणायची, ‘यांचं कौतुक करायचं म्हणजे विस्तवाशी खेळ.’

एकदा समोरच्या दुकानातला शिंपी खाली मान घालून आला. दोघांचा छत्तीसचा आकडा. त्याच्या हातातल्या बोचक्यात म्हाताऱ्यानंच शिवलेला कोट होता, टाका न् टाका उसवलेला.

‘मेहुण्याला पाठवून तुमच्याकडून शिवून घेतला होता, काका. खांद्याला एक सुरकुती कशी पडत नाही, ते बघायचं होतं. उसवला खरा, पण आता बाही काही केल्या बसेना.’

म्हाताऱ्याचा पारा चढला. ‘माझा कोट उसवलास?’

मग त्यानं एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. कापडाला कुठे साधा ओरखडाही नव्हता. त्यानं आत हाक मारली, ‘अगं, दोन कप चहा टाक! जन्मभर लोकांनी नुसतं घालून बघितलं. उसवून बघणारा आज भेटला!’

आणि सुईत दोरा ओवून तो बाही बसवायला बसला. फक्त पाहुण्याकडे पाठ फिरवून.