शिरसाठ मॅडम आणि सुईवरचा आळ

शिरसाठ मॅडम भाजी घ्यायला गेल्या तरी भांडून यायच्या, पण दरावरून कधीच नाही. इंदिरानगरच्या बाजारात एखादी ओळखीची बाई म्हणाली, की अमकीच्या गाठीला तपासणीसाठी सुई लावली आणि कॅन्सर पसरला, की मॅडमनी हातातली मेथीची जुडी खाली टाकलीच. "सुईनं पसरला? कोणी सांगितलं? नाव सांगा त्याचं!" मी त्यांच्याच कॉलेजात शिकवायचो. अशा वेळी पिशव्या धरून उभं राहणं माझ्याकडे असे.

कॅन्सरची पेशी जागा सोडून का निघते, या एका प्रश्नात त्यांचं आयुष्य गेलं. वर्गात सांगायच्या, "गाठ वाढणं वेगळं आणि गाठीनं गाव सोडणं वेगळं. पेशींत राखणदार प्रथिनं असतात. ती गाठीची वाढ थांबवत नाहीत, फक्त तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. काही पेशींना एकमेकींशी धरून ठेवतात, काही त्यांचं सरकणं आवरतात. ती कमी पडली की पेशी आजूबाजूची भिंत पोखरून रक्तात उतरतात. हे आतल्या आत होतं. तुम्ही वेळ घालवता म्हणून होतं. सुईनं नाही!" शेवटचं वाक्य अभ्यासक्रमात नव्हतं, पण ते ऐकल्याशिवाय एकही तुकडी बाहेर पडली नाही.

आणि त्यांच्याच माहेरी, पिंपळगाव बसवंतला, वहिनींनी छातीतली गाठ द्राक्षांचा अख्खा हंगाम लपवली. घरात कळल्यावरही ठरलं काय, तर हात लावायचा नाही! मॅडमना बातमी लागली तशी मी गाडी काढली. ओसरीवर दादा शांतपणे म्हणाले, "सुमन, तुजं शिक्षान तुज्यापाशी. सुई लावली का ते उठतं. निजलंय, निजू दे."

"दादा, ते जागंच आहे. निजलायस तू!"

थोरल्या भावाला असं त्या घरात कोणी बोलत नसे. दाराआडून वहिनीच म्हणाल्या, "ताई, मी येते."

उशीर झाला होता. पहिल्याच तपासण्यांत कळलं, की कॅन्सर यकृतापर्यंत पोचला आहे. उपचार झाले, पण वहिनी गेल्या.

दशक्रियेला मॅडमच्या धाकट्या काकू चारचौघींत मोठ्यानं म्हणाल्या, "चांगली हिंडतीफिरती होती. सुई लावली आन् पसरलं. शिकलेल्या नणंदेनं घात केला." माझ्या अंगाची आग झाली. ज्यांनी दुखणं दडवलं ते गळा काढायला मोकळे, आणि जिनं धावपळ केली ती मारेकरी? हा कुठला न्याय?

मॅडम उठल्या. रडून डोळे सुजले होते, आवाज मात्र खणखणीत. "मला दोष द्यायचा तर खुशाल द्या. पण इथं जिच्या अंगाला गाठ असेल, तिनं उद्या माझ्या दारात यायचं. एकीनंही घरी दडवून बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमकडे होतो. फाटकाशी काकू उभ्या होत्या, एकट्याच, डोक्यावर पदर ओढून. "सुमन, कोनाला सांगू नको," एवढंच म्हणाल्या आणि त्यांचा हात छातीपाशी गेला.

आता मॅडम कालचं सगळं वसूल करणार, असं मला वाटलं. त्यांनी फाटक उघडलं आणि ओरडल्याच, "सांगणार! अख्ख्या पिंपळगावला सांगणार, की काकू आपल्या पायांनी आल्या! आत या. चहा घ्या, लगेच दवाखान्यात निघू."