रस्त्यात आडवी खाट

माझी बायको श्रद्धाळू आणि मी तापट. धाकटा भाऊ आजारपणात गेला, तेव्हा मी देवाच्या फार विनवण्या केल्या होत्या. त्यानंतर मी हात जोडणं सोडलं. माझी सगळी नोकरी वायरलेस ऑपरेटर म्हणून गेली. हाक मारली की उत्तर यायला हवं, तीनदा मारूनही आलं नाही तर तिकडे कोणी नाही असं समजायचं, एवढं मला कळत होतं. देवाच्या बाबतीतही मी तेच समजून बसलो होतो.

निवृत्तीनंतर आलापल्लीत घरीच हॅम रेडिओचा संच मांडला. पावसाळ्यात आमच्या भागातले टॉवर वारंवार बंद पडतात आणि नाले मात्र घटकेत फुगतात. म्हणून आम्ही काही लायसनवाल्यांनी पाण्यावर नजर ठेवायचं काम अंगावर घेतलं. नाल्याच्या वरच्या अंगाला एका गावात कोडापे मॅडम शिकवतात. शाळेजवळच्या खडकावर आम्ही पांढरा पट्टा ओढलाय. पाणी त्याच्यावर गेलं की मॅडम मला रेडिओवर कळवतात, आणि मी ते खाली सिरोंचा रस्त्यावरच्या मल्लेशला कळवतो, कारण त्यांचा आवाज तिथवर पोचत नाही. मल्लेशचं घर रपट्याला लागूनच आहे. पट्टा बुडाला की तासाभरात तो बुटका पूल पाण्याखाली जातो. तेवढ्यात मल्लेशनं वाहनं अडवायची. या सगळ्यात मी शिस्तीचा फार कडक. ज्याच्याकडे लायसन नाही त्यानं बटणाला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येकाच्या घरी जाऊन बजावलं होतं. मल्लेशच्या म्हाताऱ्या आईला, पोचक्काला, तर जरा जास्तच दरडावून.

त्या श्रावणात एका सकाळी बायको दोन मैत्रिणींबरोबर जीपनं त्याच रस्त्यानं, सिरोंच्याच्या पलीकडे कालेश्वरला महादेवाच्या दर्शनाला निघाली. दारात म्हणाली, "अहो, तुमीबी चला नं. गाडीत जागा हाये."

"मले नाई यायचं," मी वर न पाहताच म्हणालो. "तुह्या देवाले सांग, पयले हा रस्ता नीट कर म्हणा."

 माझ्या टेबलामागच्या भिंतीवर तिनं टांगलेल्या महादेवाच्या तसबिरीला हात जोडले आणि ती गेली. चारपर्यंत ती परत येणार होती.

दुपारी अडीचच्या सुमारास कोडापे मॅडमचा आवाज आला. पट्टा बुडाला होता. आलापल्लीत लख्ख ऊन होतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळला होता. मी लगेच मल्लेशला हाक मारली. संकेतनाव, वेळ, पातळी, मार्ग बंद, सगळं नियमाप्रमाणे. उत्तर नाही. पुन्हा मारली, दहादा मारली. मल्लेश त्याच दिवशी तापानं फणफणून दवाखान्यात गेला होता, हे मला कोण सांगणार? मोबाइल सकाळपासून मुका होता. मोटरसायकल काढली असती तरी तिथे पोचायला पाऊण तास, आणि संच सोडला तर मॅडमचं ऐकणारंही कोणी नाही. घड्याळात तीन वाजून गेले. जीप आता त्या रपट्याच्या दिशेनेच येत असणार, आणि वळणावरून पाणी दिसत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

 मी माइक टेबलावर टाकला. रागाच्या भरात ती तसबीर भिंतीवरून काढली, समोर आडवी आदळली आणि डोळे मिटून बोलत सुटलो.

"आयकून राह्यला का रे? नाई आयकत तं नको आयकू. पन त्या नाल्याले पूर येऊन राह्यला. माही बायको हाये त्या गाडीत. सकाळी मी तिच्याशी धड बोललो बी नाई. माह्याच्यानं आता काई होत नाई. थांबव तिले. रपट्याच्या पलीकडंच थांबव. सिरोंच्याकडून येऊन राह्यली, पांढरी जीप हाये."

देवाला गाडीचा रंग सांगत होतो. आज हसू येतं. तेव्हा मात्र लहान पोरासारखा रडत होतो, आणि तेच तेच पुन्हा सांगत होतो.

किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर संचावरचा लाल दिवा लागलेला. तो बोलताना लागतो. तसबीर उचलली. तिच्या चौकटीखाली माइक होता आणि बटण दाबलं गेलं होतं. ते दाबलेलं असेपर्यंत आपल्याला काही ऐकू येत नाही, आपणच तेवढे सगळ्यांना ऐकू जातो. माझं सगळं गाऱ्हाणं हवेत गेलं होतं. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तुमचं बटण अडकलं होतं." पुढे काही बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

मी पुन्हा हाक मारली नाही. पहिल्यांदाच नुसता कान देऊन बसलो. त्या अर्ध्या तासाचं वर्णन मला करता येणार नाही. मग खरखर झाली आणि आवाज आला.

"अहो, मी बोलून राह्यली. लायसन नाई माह्यापाशी, पन बोलून राह्यली. आमी बरे हावो."

 बटण दाबायचो आणि तसाच राहायचो.

झालं होतं ते असं. मल्लेशची वॉकीटॉकी घरीच, पोचक्काजवळ होती. माझ्या हाका तिनं ऐकल्या, पण त्यातलं तिला काही उमगलं नाही, आणि बटणाला हात लावायचा नाही म्हणून उत्तरही दिलं नाही. मग माझं रडणं ऐकलं. ते मात्र तिला शब्दन् शब्द कळलं. पाणी अजून घोट्याएवढंच होतं. तिनं अंगणातली खाट ओढत रपट्याच्या पलीकडे नेली, वळणाच्याही पुढे, आणि रस्त्यात आडवी टाकून वर बसली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या. ती उठली नाही. थोड्याच वेळात सगळे वळणापुढे चालत जाऊन पाहतात, तर त्यांच्या डोळ्यांसमोर रपटा दिसेनासा झाला. तेव्हा तिनं वॉकीटॉकी बायकोच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू बोल बाई. मले मनाई हाये."

पाणी उतरल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. मी वाकून नमस्कार केला, दरडावल्याची माफी मागितली. मग राहवलं नाही म्हणून सांगून टाकलं, "अक्का, खरं सांगू? मी तुमच्याशी बोलतच नव्हतो. देवाशी बोलत होतो."

ती उन्हाळ्यात साठवलेली मोहाची वाळकी फुलं निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तसं असन भाऊ. पन तुमी नाव तं कोनाचंच घेतलं नाई. आयकनारी मीच होती. मंग मलेच सांगून राह्यले ना?"

 बायको माझ्याकडे पाहत होती.

आता आमच्याकडे प्रत्येक निरोप नियमाच्या भाषेत एकदा आणि साध्या बोलीत एकदा सांगितला जातो, आणि संकटात कोणीही बटण दाबावं असं मीच घरोघरी सांगून आलोय. तसबीर पुन्हा भिंतीवर आहे. संध्याकाळी बायको दिवा लावते तेव्हा मी शेजारी उभा राहतो. जे सांगायचं ते एकदाच सांगतो, आणि गप्प होतो. नाव घेत नाही. कोणी ऐकायचं, ते त्यानं ठरवावं.