ड्रममधली पँट

मेडशीजवळच्या धरणावर मासेमारी करणाऱ्यांनी फेरीची नाव सुरू केली, तेव्हा माझ्या भाऊजींना आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटली. आदल्या वर्षी विहिरीत वाकून पाहताना त्यांच्या खिशातला मोबाईल बुडाला होता. त्यात संध्याकाळी रिसोडला त्यांच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि ताईचा हट्ट की जाता जाता नावेत बसायचंच.

भाऊजींनी तूर ठेवायचा निळा ड्रम रिकामा करून गाडीत घातला. धरणावर पोचल्यावर त्यात तिघांचे मोबाईल, गाडीची किल्ली, पाकिटं, ताईची पर्स आणि माझ्या चपलासुद्धा गेल्या. शेवटी त्यांनी अंगातली नवी पँट आणि शर्ट उतरवून घडी घालून आत ठेवले. स्वतः बनियन-टॉवेलवर राहिले. झाकणावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा ताणून बसवला, वरून चिकटपट्टी गुंडाळली.

"आन् मानूस भिजला तं?" ताईनं विचारलं.

"मानूस वाळते," भाऊजी म्हणाले.

नावाड्यानं ड्रम पाहिला आणि सांगितलं की एकतर हा बसेल नाहीतर मी. म्हणून ड्रम दोरीनं नावेमागे बांधला. धरणाच्या मध्यावर पोचल्यावर लक्षात आलं की दोरी मोकळीच येते आहे. वाऱ्यानं ड्रम पलीकडच्या काठाकडे निघाला होता. नावाड्यानं जीव तोडून वल्हं मारलं, पण ड्रम आमच्यापेक्षा हलका होता.

आम्ही पोचलो तेव्हा काठावर माणसं जमली होती. शेळ्या राखणारे एक आजोबा ड्रमला कान लावून बसले होते. आत एक मोबाईल वाजत होता आणि दुसरा थरथरत होता, त्यामुळे ड्रम अधूनमधून गुरगुरायचा. "घाबरू नको बापा, काढतो तुले," आजोबा त्याला समजावत होते. कुणीतरी विळा आणला होता, पण आतल्याला लागेल म्हणून ते तो लावू देत नव्हते.

भाऊजी टॉवेल सावरत उतरले. ड्रम आपला आहे म्हणाले.

"अंदर कोन हाये?" आजोबांनी विचारलं.

"माही पँट हाये."

हे उत्तर कुणालाच पटलं नाही. एक बाई दोन पावलं मागे सरली आणि पोलीस पाटलाला बोलवा म्हणाली. मी समजावायला गेलो, तर लोक माझ्या अनवाणी पायांकडे पाहू लागले. अखेर ताईनं पर्सचा रंग, किल्लीची साखळी, सगळं सांगितलं, तेव्हा आजोबांनी स्वतः जपून चिकटपट्टी कापली.

आत थेंबभर पाणी नव्हतं. पँटची घडीसुद्धा मोडली नव्हती. आजोबांनी ड्रमच्या तळापर्यंत हात घालून चाचपडून पाहिलं आणि हिरमुसून खाली बसले. मोबाईल अजून वाजत होता, तो त्यांनीच उचलला. उशीर का होतो हे विचारायला ताईच्या सासूबाई रिसोडहून फोन करत होत्या.

"तुमचं लेकरू ड्रममधी नोयतं," आजोबांनी त्यांना धीर दिला. "बाहीर भेटलं, टावेलवर. जित्तं हाये."

त्यानंतर आम्ही लावलेला एकही फोन सासूबाईंनी उचलला नाही. रिसोडच्या अर्ध्या वाटेवर दोन जीपा समोरून आल्या. एकीत सासूबाई आणि घरची माणसं, दुसरीत नवरदेवाकडची. कडक घडीच्या पँटीतले भाऊजी खाली उतरले. सासूबाईंनी त्यांचं डोकं, खांदे, हात चाचपले आणि आम्हाला विचारलं की याला ड्रममध्ये घातलं कोणी.

साक्षगंध उशिरा का होईना, झालं. सासूबाईंनी मात्र पंगत बसेपर्यंत भाऊजींच्या शर्टाची बाही सोडली नाही.